निळ्या पिसाचं पान

९ नोव्हेंबर

भोपळ्या,

पार्सल पोचलं. फोनच करणार होते, पण फोनवर तू ऐन मुद्द्याला "बरं ताई, ठेवतो" म्हणतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

आधी कामाचं. नव्या पुस्तकाची तू हाताने शिवलेली डमी, ती छापण्याआधीची नमुना प्रत, ठकीला आवडली. उशाशी घेऊन झोपते. तुझ्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे असतात ते तीन चौकोन, 'वाचा', 'चाला', 'बनवा', आम्ही निमूटपणे पार पाडले. रविवारी सकाळी वाचलं, मग तू आखलेल्या वाटेने ओढ्यापर्यंत चाललो, घरी येऊन होडी बनवली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, "मुलीच्या प्रतिक्रिया शब्दशः कळव." मुलीच्या! कुणाच्या मुलीच्या रे? ती काय बाजारातून चवीला आणलेली फोड आहे? वहिनी गेली तेव्हा "दोन-तीन महिने सांभाळ, ताई" म्हणून तू तिला माझ्या दारात सोडलंस. तेव्हा तिला बूट घालता येत नव्हते. आता ती माझ्या बुटांना पॉलिश करते.

पण तुला प्रतिक्रिया हव्यात, तर घे. तुझ्या चार पुस्तकांनंतर ठकीचा एक नियम पक्का झालाय: पुस्तकात असतं ते बाहेर सापडतं. त्यामुळे ती चालत नाही, तपासणी करते. गंजकं लाल फाटक, सापडलं. भिंतीवरची गोगलगाय, सापडली, वर दोन जास्तीच्या. हाक मारली की आवाज परत देणारं पोकळ खोड, सापडलं. त्यात तिने माझं नाव एवढ्यांदा ओरडलं की पलीकडच्या खिडकीतून एक बाई डोकावल्या. होडीच्या बुडासाठी पडलेली साल आणि शिडासाठी रुंद पान, दोन्ही सापडलं. फक्त ओढ्याकाठचं निळं पीस सापडलं नाही. कावळ्याचं चालेल का विचारलं. "पुस्तकात निळं आहे, आत्या," एवढंच म्हणाली, अगदी तुझ्यासारखी मान वाकडी करून.

आणि शेवटचं पान. मुलगी सगळं फ्रॉकच्या ओच्यात घेऊन वळणावर येते आणि बाकावर बाबा बसलेले असतात. बाबा म्हणजे तू, तुझ्या त्या चौकटीच्या शर्टासकट. खऱ्या बाकावर एक गृहस्थ संत्रं सोलत बसले होते. ठकी त्यांच्यासमोर उभी राहिली. "उठा. ही बाबांची जागा आहे." आणि ते उठले रे! मी माफी मागितली तर म्हणाले, "असू दे, येतील हो बाबा." मग ती बसली. मला घाई नाही असं दाखवत मीही बसले. शेवटी होडीचं आमिष दाखवून तिला उठवावं लागलं.

माझे हात आणि डिंक यांचं वाकडं आहे हे तुला माहीत आहे. होडी बादलीत सोडली आणि ती थेट तळाला गेली. "आत्या, तू फक्त गणित कर." ही शब्दशः प्रतिक्रिया.

मी लाल पेन घेऊनच डमी वाचली, सवयीने. सगळ्या पानांना पैकीच्या पैकी. शेवटच्या पानाला तुझं टोपणनाव.

ताई


२४ नोव्हेंबर

भाऊराया,

तुझं उत्तर आलं. उत्तर कसलं, उद्गारचिन्हं आली. "कमाल! संत्रंवाले काका घेतोय पुस्तकात! 'उठा, ही बाबांची जागा आहे' हे मागच्या कव्हरवर!" ते वाक्य लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं होतं. तुला ते कव्हरवर बसतंय.

पत्रासोबत तुझ्या कार्यशाळेचा फोटो. मागे फलक, 'मुलांचा हात धरा, बाहेर पडा'. पुढे माना डोलवणारे आईबाप, आणि मधोमध तू, एका छोट्या मुलीचा हात धरून. पाकीट फोडताना ठकी मांडीवर होती, लपवता आलं नाही.

"ही कोण?"

"दुसऱ्या कुणाची तरी मुलगी."

"तिचे बाबा कुठायत?"

"ते काय, मागे उभे आहेत."

तिने बराच वेळ फोटो बघितला. "मग तिला दोन झाले," म्हणाली आणि खेळायला गेली. डोक्यात अशी तिडीक गेली की त्या दिवशी नववीच्या पोरांना उगाचच बोलणी बसली.

पुढचं ऐक. बालवर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. आमची शाळा एकच, पण त्या दिवशी मी शिक्षिका नव्हते, त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली पालक होते. ठकी म्हणे वर्गात सांगते, आमचे बाबा ओढ्याच्या बाकावर असतात, चालत गेलं की भेटतात. दुसऱ्या मुलांनी आपल्या आयांना विचारलं. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मुलीला खोटं बोलायची सवय लागतेय, वेळीच बघा."

माझा तोल गेला. म्हटलं, "बाई, ती खोटं बोलत नाही. तिच्या बापाने काढलेल्या पुस्तकात जे आहे ते ती सांगते. तुम्हीच शिकवता ना, पुस्तकावर विश्वास ठेवा म्हणून?" चुकीच्या माणसावर ओरडतेय हे मला बोलतानाच कळत होतं. बरोबर माणूस कार्यशाळेत होता.

तेव्हा आता सरळ विचारते. एकदा येऊन जा. एक दिवस. "पुस्तक छापायला गेलं की येतो" हे तू मागच्या पुस्तकालाही म्हणाला होतास, त्याच्या मागच्यालाही.

निळ्या पिसाचा प्रश्न आमच्या भूगोलाच्या सरांना विचारला. ते पक्षी बघत हिंडतात. लक्ष ठेवतो म्हणाले. आमचं दोघांचं कपाट एक आहे, त्यांचे नकाशे आणि माझ्या कंपासपेट्या, म्हणून बोलणं होतं. लगेच काही मनात आणू नकोस.

ताई


५ डिसेंबर

ठकी सापडली आहे. हे आधी लिहिते. खरं तर तुला हे शेवटच्या ओळीत कळायला हवं होतं, म्हणजे काल माझं काय झालं त्यातलं थोडं तरी तुझ्या वाट्याला आलं असतं.

शाळा सुटली की ती माझ्या वर्गाबाहेरच्या पायरीवर येऊन बसते. काल पायरी रिकामी होती. आधी वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. मग सगळे वर्ग, मैदान, बाथरूम, समोरचं वह्यांचं दुकान. गेटवरचा माणूस म्हणाला, दोन मुलींच्या आईबरोबर बाहेर पडताना दिसली, त्यांचीच तिसरी वाटली. मी त्या माणसाला काय काय बोलले ते मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

भूगोलाच्या सरांनी मला एकच विचारलं, "सध्या कुठलं पुस्तक चालू आहे?"

आम्ही ओढ्याकडे पळत सुटलो. मी, या वयात, साडी गुडघ्यापर्यंत धरून, भर रस्त्यातून. ती बाकावर बसली होती. कमरेपर्यंत भिजलेली. एक बूट गायब. मांडीवर दप्तर, दप्तरावर तुझी डमी उघडी, आणि मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. बोटं सोडवून बघितलं तर निळ्या प्लास्टिकच्या पिशवीची चिंधी. ती पाण्यात एका फांदीला अडकली होती. पीस समजून ती काढायला ही पाण्यात उतरली.

मी तिला धरून हलवलं. ओरडले, रडले, सगळं एकदम. ती अगदी शांत होती. म्हणाली, "आत्या, मागच्या वेळी आपलं निळं पान राहिलं होतं ना, म्हणून बाबा आले नाहीत. आता सगळी पानं झाली. तू जरा सरक. त्यांना मी दिसायला हवी."

कळलं तुला? पाच वर्षांच्या पोरीने बसून विचार केलाय. पुस्तकात असतं ते बाहेर सापडतं. बाबा सापडले नाहीत. म्हणजे नियम चुकीचा नाही, बाबाही चुकीचे नाहीत. म्हणजे आपलंच काहीतरी राहिलंय. माझ्या दहावीच्या वर्गातल्या किती जणांना इतकी सरळ मांडणी करता येत नाही! आणि त्या सरळ मांडणीने तिला पाण्यात नेलं.

मी सरकले. काय करणार? तिघं बसलो बाकावर. ती मध्ये, वळणाकडे तोंड करून. सर तिचे पाय रुमालाने पुसत होते. दिवे लागायला आले तसं सरांनी तिला उचललं. तेव्हा मात्र तिने आकांत मांडला. "पान संपलं नाहीये! पान संपलं नाहीये!" जाणारे येणारे थांबून बघत होते. सरांच्या खांद्यावर तिच्या दातांची खूण आहे.

आता ताप आहे. झोपेत काहीतरी मोजते.

मला तुझ्याकडून उद्गारचिन्हं नकोत.


१६ डिसेंबर

तू पहिल्यांदाच एवढं लांब पत्र लिहिलंस. ते मी शांतपणे वाचलं. उत्तर शांतपणे लिहिता येईल याची खात्री नाही.

ठकीचा ताप उतरला. तू तीनदा फोन केलास, तिन्ही वेळा मीच उचलला नाही. बघ, मलाही जमतं.

तू लिहितोस, त्या निळ्या पिसाचं काही नव्हतं, पानावर सगळे तपकिरी-हिरवे रंग झाले होते, थोडा निळा हवा होता. हवा होता! सर सांगतात, एवढं मोठं निळं पीस टाकणारं एकही पाखरू त्या ओढ्यावर फिरकत नाही. तू आईबापांना सांगतोस, पुस्तकातलं मुलांना बाहेर दाखवा, आणि जे बाहेर नाहीच ते रंग जुळावा म्हणून आत घालतोस. एक पीस आणि एक बाप, दोन्ही रंगापुरते.

आणि वर ते पार्सल! रंगवलेल्या निळ्या पिसांचा अख्खा पुडा, "कार्यशाळेसाठी मागवली होती, तिला दे म्हणजे समाधान होईल." मी तो पुडा गॅलरीतून खाली फेकणार होते. फेकला नाही, कारण खाली पोरं खेळत होती आणि त्यांना पुन्हा काहीतरी बनवायची हुक्की आली असती. कपाटावर टाकलाय. ठकीला दाखवलेला नाही.

वहिनीबद्दल तू जे लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. तुम्ही इथे आलात की वहिनी आणि ठकी ओढ्याच्या वाटेने पुढे जायच्या आणि तू बाकावर वही घेऊन बसायचास. रांगती असल्यापासून ठकी जे सापडेल ते मुठीत घेऊन तुझ्याकडे यायची. होडी वहिनीची. 'तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं' हेही वहिनीचं. वाचून मी रडले, लपवत नाही. तू स्वतःला बसलेला का काढलास तेही कळलं. त्या वाटेवर तू कधी चाललाच नाहीस. चालणारी गेली आणि तू अजून बसून आहेस.

पण मग पुस्तकात वहिनी कुठे आहे? प्रत्येक पानावर मुलगी एकटी. ज्या बाईने तिला ती वाट दाखवली तिला तू गाळलंस आणि स्वतःला शेवटच्या पानावर ठेवलंस. आणि अर्पणपत्रिकेत काय, तर 'लेकीसोबतच्या फिरण्यांना'. कुठल्या रे फिरण्यांना?

तू लिहितोस, तिचा चेहरा वहिनीसारखा होत चाललाय, बघवत नाही. मग त्या चेहऱ्याने काय करावं? ठकीने तो कुठे ठेवून यावा? दुःख तुला आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुझं दुःख घोड्याएवढं झालंय, त्याला आपल्या हाताने जेवता येतं. ठकीला अजून भरवावं लागतं. आणि भरवते कोण, हे मी सांगत बसत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार "तुमची मुलगी आज गप्प का?" असं विचारतो आणि मी त्याला दुरुस्त करत नाही. अर्ध्या मार्कासाठी पोरांना रडवणारी मी. या वाक्याचा तुला काय अर्थ लावायचा तो लाव.

तुझा तोडगाही वाचला. शेवटचं पान बदलतोस. बाबा काढून टाकतोस, नुसता रिकामा बाक, त्यावर एक पीस. "जास्त काव्यमय होईल." तू माझा भाऊ नसतास तर या शब्दासाठी मी तुझं तोंड बघितलं नसतं. मी पान बदलायला सांगितलं नव्हतं. मी तुला यायला सांगितलं होतं.

ती अजून विचारते, रोज नाही, पण विचारते. दात घासताना, मोजे शोधताना, मध्येच. "आता कुठलं पान राहिलं असेल?" मला उत्तर दे. येतोस, तर ये. येणार नसशील, तर तसं स्पष्ट लिही. मी तिला समोर बसवून सांगेन, मग ती रडेल, चिडेल, मला चावेल, आणि त्यातून बाहेर येईल. पण तिला या मधल्या जागी ठेवू नकोस. तिथे ती स्वतःतच चुका शोधत बसते.

ताई


१२ जानेवारी

तुझं पत्र मिळालं. "तू माझ्या मुलीला माझ्यापासून तोडते आहेस, ताई." हे वाक्य लिहिताना तुझी पेन्सिल मोडली नाही?

झालं काय ते नीट लिहिते, कारण तू ते तुझ्या सोयीने आठवणार. तू कळवलंस, रविवारी संध्याकाळी येतो. घरी नाही. बाकावर. मी ठकीला काही न सांगता पुस्तकातल्या वाटेने आणायचं, फाटक, गोगलगाय, खोड, ओढा, सगळी पानं करत, आणि वळणावर तू असशील, हातात निळं पीस. प्रकाशकांचा फोटोग्राफर लांब झाडाआड उभा राहील, "तिला कळणारही नाही". कल्पना माझी नाही, त्यांची आहे, असंही लिहिलंस. मी उत्तरात एकच ओळ लिहिली. घरी ये, बेल वाजव.

तू बाकावर जाऊन बसलास.

सर तिकडून येत होते, त्यांनी तुला पाहिलं. चौकटीचा शर्ट बघून ओळखलं म्हणे. मला येऊन विचारलं, "त्यांना घर दाखवू का?" मी म्हटलं, हे घर त्याचंही आहे, याच जिन्यावरून तो घसरायचा, त्याला कशाला दाखवायला हवं? सर आत गेले. ठकीबरोबर पत्ते खेळत बसले.

तुला वाटतं मी सूड घेतला. ऐक तर मग. मी सारखी जिन्यापर्यंत जात होते. भाजी लागली, खालच्या मजल्यावर कुणाचं दार वाजलं तरी बाहेर येऊन बघत होते. त्या संध्याकाळी तुझी वाट बघणारा माणूस या घरात होता, आणि तो माणूस ठकी नव्हती. तिला मी काही सांगितलंच नव्हतं. यापुढेही सांगणार नाही. तुझ्या येण्याची बातमी तिला आता फक्त तूच देऊ शकतोस, दारात उभा राहून.

मी तिला का आणलं नाही? आणलं असतं तर ती धावत येऊन तुझ्या गळ्यात पडली असती. फोटो सुंदर आला असता. तूही रडला असतास, खरं खरं. आणि ठकीला कळलं असतं की नियम बरोबर होता. सगळी पानं नीट केली की बाबा येतात. मग दुसऱ्या दिवशी तू तुझी बॅग उचलली असतीस. त्यानंतर ती जन्मभर शोधत राहिली असती, आपण कुठलं पान चुकलो. तुझ्या एका फोटोसाठी मी तिच्या गळ्यात हे बांधू? मेले तरी नाही.

बाकापासून आमच्या दारापर्यंत एक गल्ली आहे, एक पिठाची गिरणी आणि एक जिना. पोरांना तू मैलभर चालवतोस. तुला एवढं चालवलं नाही. अंधार होईपर्यंत बसलास आणि परत गेलास. एक संध्याकाळ वाट बघितलीस तर तुला वाटतंय जगाने तुझ्यावर अन्याय केला. तिने किती बघितली, मला मोजवत नाही. मला, गणिताच्या बाईला.

मी भांडायला हे पत्र लिहायला घेतलं नव्हतं. भांडणाला तुझ्या पत्रातच पुरेसं सामान होतं. पण चार दिवसांपूर्वी एक गोष्ट झाली आणि ती तुला कळायला हवी.

बालवर्गात बाईंनी घरातली माणसं काढायला सांगितली होती. ठकीने कागद घरी आणला. मी आहे, हातात लाल पेन, माझ्यापेक्षा पेनच मोठं. ती आहे, माझ्या कडेवर, जरी तिचं वजन आता मला पेलत नाही. भूगोलाचे सर आहेत, खांद्यावर पक्षी. ते कसे आले मला विचारू नकोस. वर ढगात वहिनी आहे, तिथून वाकून पोकळ खोडात ओरडतेय. मला वाटतं वहिनीच आहे, कारण केस तिच्यासारखे आहेत.

मी खूप वेळ बघितलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "आणि बाबा?"

ती ढगाला रंग देत होती. मान वर न करता, अगदी सहज, मी एखादं सोपं गणित चुकले असावं तशी म्हणाली, "बाबा चित्र काढतात, आत्या. ते चित्रात नसतात."

तेव्हापासून तिने विचारायचं सोडलंय. दात घासताना नाही, मोजे शोधताना नाही. काल संध्याकाळी आम्ही ओढ्यावर गेलो तर बाकासमोरून ती सरळ पुढे चालत गेली, साली गोळा करत.

इतकी वर्षं पेपर तपासतेय, चुकलेलं उत्तर मला लांबून दिसतं. हे मी रात्रंदिवस उलटसुलट करून पाहिलं, मला त्यात चूक सापडली नाही. तुला सापडत असेल तर येऊन तिला दाखव.

ताई